एम-थ्री आणि अंदर मावळाचा नकाशा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मला नकाशाचा नाद लागला. ओपनस्ट्रीटमॅप नावाचा एक नकाशा आहे. स्टीव्ह कोस्ट या ब्रिटिश तरुणाने २००४ साली तो सुरू केला. त्यात जगातल्या कुणीही भर घालावी आणि तो कुणीही फुकट वापरावा, असा त्याचा रिवाज. मी आमचं कान्हे उघडून पाहिलं. जुना मुंबई-पुणे हायवे, रेल्वे लाइन, इंद्रायणी, सगळं जागच्या जागी होतं. फाट्यावरून टाकव्याकडे वळून वर अंदर मावळात शिरलं की मात्र चित्र विरळ होत जायचं. मोठी गावं होती. वाड्या, पाऊलवाटा, ओढ्यांवरचे साकव यांचा पत्ताच नव्हता. माझी मावशी राहते तिथे तर नुसता हिरवा रंग. तेवढा भरू, म्हणून मी सुरुवात केली.

हे आता लिहायचं कारण, धाकटी पोरं येऊन विचारतात. एकाला ड्रोन जुळवायचा नाद आहे, एक जण जुने रेडिओ खोलून बसतो, एकीला स्वतःचा गेम बनवायचाय. प्रश्न सगळ्यांचा एकच: "दादा, परीक्षा तोंडावर आलीय, हे बंद करू का?" मी लगेच हो म्हणत नाही. मी स्वतः बंद करून पाहिलं होतं. लॅपटॉपवरून नकाशाचं सॉफ्टवेअर काढून टाकलं, तर रात्री अंथरुणात मोबाईलवर 'पाऊलवाट आणि बैलगाडीची वाट यांची नोंद वेगवेगळी करावी का' यावर परदेशातल्या लोकांची भांडणं वाचत बसलो. नाद गेला नाही, फक्त काम होईनासं झालं.

नाद किती वेळ खातो याचा हिशेब सगळे मांडतात. माझ्या घरीही मांडला जायचा. खरं तर माझे नकाशावरचे तास फार नव्हते. काम अर्धवट टाकून उठायचो, तिथे सगळं बिघडायचं. या नकाशात रस्ता म्हणजे बिंदू जोडून केलेली रेषा. वाडीची वाट मुख्य रस्त्याला टेकलेली दिसते, पण दोन्ही रेषांना एक बिंदू सामाईक नसेल तर रस्ता शोधणाऱ्या यंत्राच्या लेखी तिथे वाटच नाही. अशी एखादी वाट न जुळता राहिली की मी अभ्यासाला बसून मनातल्या मनात तीच जोडत राहायचो. पुढ्यात झेड ट्रान्सफॉर्मचं गणित आणि डोक्यात वडेश्वरच्या पुढचं वळण. घरचे म्हणत, पोरगा चार तास हलला नाही. हललो नव्हतोच.

त्यात मी कॉम्प्युटरचा विद्यार्थी. म्हणजे सबब तयारच होती: हेही कॉम्प्युटरचंच काम, यातून शिकायलाच मिळतं. मिळालंही, ते खोटं नाही. जोसम या सॉफ्टवेअरमध्ये बसून डेटा कसा साठवतात, चुका कशा तपासतात हे मला वर्गापेक्षा लवकर कळलं. पण एम-थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या गणिताच्या, पेपरात यातली एक ओळ विचारत नाहीत. तुमचा नाद तुमच्या शाखेच्या जितका जवळचा, तितका तो अभ्यासाचे कपडे घालून येतो. क्रिकेट खेळणारा निदान स्वतःला सांगत नाही की मी अभ्यास करतोय.

दुसरं, नकाशावर केलेलं काम अपलोड केल्यावर काही मिनिटांत जगाला दिसतं. गणिताचं युनिट आज केलं तर त्याचं फळ हातात पडायला महिने जातात. दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच लॅपटॉपवर ठेवली तर मन कुठे धावणार हे सांगायला नको.

इनसेमबद्दल, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेबद्दल, जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे बरेच जण गाफील राहतात. आमच्या विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये इनसेम ३० मार्कांची होती, पहिल्या दोन युनिटांवर. एंडसेम ७० ची, उरलेल्या चार युनिटांवर. एम-थ्रीत पहिली दोन म्हणजे डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि ट्रान्सफॉर्म्स. "तीसच मार्क आहेत, एंडसेमला भरून काढू" हे वाक्य हॉस्टेलपासून लोकलपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. भरून काय काढणार? ती दोन युनिटं परत यायचीच नाहीत. इनसेमला ६ पडले की पास व्हायला ७० पैकी ३४ लागायचे, आणि तेही स्टॅटिस्टिक्स, प्रोबॅबिलिटी, न्यूमरिकल मेथड्स अशा नव्या कोऱ्या युनिटांतून. त्याच वेळी सबमिशन, ओरल, डिफॉल्टरची यादी. त्यात आधीचे विषय राहिलेले असले की वायडीची, म्हणजे वर्ष वाया जाण्याची, भीती. इनसेमच्या आधीच्या आठवड्यात मी खांडीकडच्या वाड्या नकाशावर चढवत होतो, आणि पुढचं सगळं सेमिस्टर त्या आठवड्याची भरपाई करण्यात गेलं. निघालो पार, पण दुसऱ्या विषयांचे मार्क त्यात गेले.

मग काय बदललं? एक गोष्ट खूप कामी आली. या नकाशात एका बैठकीत केलेले बदल एकत्र बांधून पाठवतात. त्याला चेंजसेट म्हणतात. सोबत एक ओळ लिहायची: काय बदललं, कशाच्या आधारावर. मी ठरवलं की जेवढं एका बैठकीत पुरं करून, तपासून, पाठवून देता येईल तेवढंच उघडायचं. अख्खी वाडी नाही, तिची फक्त विहीर आणि शाळा. अख्खी वाट नाही, ओढ्यापर्यंतचा तुकडा, पण तो रस्त्याला नीट जोडलेला. अपलोड झालं की लॅपटॉप बंद. पुढचं काय करायचं ते कागदी वहीत. वहीत उतरलं की ते डोक्यात घोळत नाही. ड्रोनवाल्यानेही हेच करावं. आज फक्त एक मोटर डागून तपासायची. चारही खोलून ठेवून गणिताला बसायचं नाही.

औजाराशी खेळणं मात्र परीक्षेच्या काळात पूर्ण बंद ठेवा. नकाशात भर घालणं वेगळं आणि जोसमचे रंग बदलणं, नवी प्लगइनं टाकून बघणं, चिन्हांचे संच लावून बघणं वेगळं. पहिल्याला कुठेतरी शेवट आहे, दुसऱ्याला नाही. माझ्या रात्री गेल्या त्या जास्त करून दुसऱ्यात, आणि त्यातून मावळाच्या नकाशात एक घरही वाढलं नाही.

काम घराबाहेरचं असेल तर अर्धी लढाई सोपी होते. गूगलच्या नकाशावरून नावं उचलायला या मंडळींची सक्त मनाई आहे, त्यामुळे नाव हवं तर पायी जाऊन विचारावं लागतं. रविवारी सकाळी वही घेऊन निघायचं, दुपारी परत. पाय दुखतात, रात्री झोप लागते, सोमवारी अभ्यास होतो. यातही गंमत आहेच. मावळात मोबाईल धरून वहीत काही लिहिणारा माणूस म्हणजे प्लॉटिंगचा एजंट, हे ठरलेलं. एका आजोबांनी विचारलं, "मोजणीवालं का रं तुम्ही?" मी मावशीच्या घरचं नाव सांगितलं तेव्हा कुठे पाणी मिळालं. आणि टाकवे बुद्रुक, टाकवे खुर्द दोन्ही मावळातच असल्यामुळे नाव अर्धं लिहिलं की भलत्याच ठिकाणी माणूस जाऊन उभा राहतो, हे वहीत ठळक लिहून ठेवा.

दुपारचं एक सांगायला हवं. आमच्या वेळी पुणे-लोणावळा मार्गावर दुपारी बराच वेळ लोकलच नसायची. सकाळचं कॉलेज सुटलं की पुढची गाडी येईपर्यंत लायब्ररीत बसणं आलं. तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेतच्या पोरांचे ते रोजचे सक्तीचे तास. मी ते नकाशाला दिले, कारण कॉलेजचं वायफाय जलद होतं. पुढे उलटं केलं. लायब्ररीत लॅपटॉप बॅगेतच, टेबलावर जुने पेपर आणि कोरे कागद. आठवड्यात नुसत्या एवढ्या बदलाने जे सुटलं ते घरी रात्री जागून कधी सुटलं नसतं.

सगळ्यात अवघड परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २०१४ साली आंबेगावातलं माळीण असंच गेलं तेव्हा मी लहान होतो. या वेळी मात्र मला डोंगराखालची प्रत्येक वाडी नकाशावर हवी होती, आजच्या आज. २०१० च्या हैतीच्या भूकंपानंतर जगभरच्या लोकांनी घरी बसून तिथले रस्ते याच नकाशावर चढवले होते, त्याचे दाखले मी मित्रांना देऊ लागलो. लोकांसाठी चाललेल्या कामाला कोण नको म्हणणार? आईसुद्धा गप्प बसली. तरी मी आठवड्याला एकच वाडी घ्यायची ही मर्यादा सोडली नाही. घाईघाईने चढवलेल्या चुकीच्या वाटेवर संकटात कुणी गेलं तर, हा विचारही त्यामागे होता. त्या वर्षीच्या इनसेमला मी पहिल्या दोन युनिटांवर निवांत बसलो होतो.

पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, नकाशा उघडायचा का? मी उघडत नव्हतो. माझा एक मित्र रोज संध्याकाळी अर्धा तास तबला वाजवून पेपर देत आला आणि माझ्यापेक्षा चांगला पास झाला. पण त्याचा तबला वाजवून संपतो. माझा नकाशा संपत नाही. तुमचा नाद कोणत्या जातीचा, हे पीएल सुरू व्हायच्या आधी ठरवून टाका. पीएलमध्ये ठरवायला बसलात तर त्यातही एक दिवस जाईल.

खांडीच्या पुढच्या काही वाटा अजून शिल्लक आहेत. कुणाला हात लावायचा असेल तर शेवटचा पेपर झाल्यानंतरच्या रविवारी टाकवे बुद्रुकहून सकाळीच निघा, पाण्याची बाटली आणि कागदी वही घ्या, मोबाईलमध्ये जीपीएस नोंद चालू ठेवा आणि परतीचं वाहन कधी ते जातानाच विचारून ठेवा.