आभासांतील अश्रू खरे कीं खोटे?

उन्हाळ्याच्या सुटीनंतर एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांचा मुलगा आठवीच्या वर्गांत आहे. सुटींत एका नातलगाच्या घरीं तो डोळ्यांवर 'व्हर्च्युअल रिॲलिटी'चें यंत्र चढवून युद्धाचा खेळ खेळला. खेळांत जखमी होऊन पडलेल्या साथीदारास तसेंच टाकून तो पळाला, आणि त्या रात्रीं त्याला जेवण गेलें नाहीं. "सर, जेथें कोणी मेलेंच नाहीं तेथें हें दुःख कसलें? आणि यांत त्याचा कांहीं दोष आहे काय?" असें त्या गृहस्थांनीं विचारिलें. प्रश्न दिसावयास लहान. परंतु त्यांत तत्त्वज्ञानांतील दोन जुने वाद एकत्र आले आहेत, म्हणून त्याचा थोडा विचार येथें करीत आहों.

ह्या पेटीवजा चष्म्यांत प्रत्येक डोळ्यास किंचित् निराळें चित्र दिसतें, त्यामुळें खोलीचा भास होतो. मान वळवितांच चित्रहि तितकेंच वळतें. आपण घरांतच उभे आहों हें बुद्धीस ठाऊक असतें; शरीर मात्र तें मानीत नाहीं. समोर उंच कडा दिसला कीं गुडघे कांपतात.

ह्याविषयीं एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. सन १९६१ मध्यें अमेरिकेंतील येल विद्यापीठांत स्टॅन्ली मिल्ग्रॅम यांनीं आज्ञापालनाची परीक्षा आरंभिली. दुसऱ्या खोलींतील माणसाचें उत्तर चुकलें कीं त्यास विजेचा धक्का द्यावयाचा, आणि दर चुकीस तो वाढवावयाचा, अशी आज्ञा होती. धक्के खोटे होते, परंतु देणाऱ्यास तें ठाऊक नव्हतें. १९६३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें ४० जणांपैकीं २६ जण शेवटच्या, म्हणजे ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेले. पुढें २००६ मध्यें लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील मेल स्लेटर व त्यांचे सहकारी यांनीं अशाच प्रयोगाचें वृत्त प्रसिद्ध केलें. पण येथें धक्के खाणारी स्त्री संगणकानें रचलेली होती, आणि हें भाग घेणारांस पुरतें माहीत होतें! तरीहि तिला पाहणाऱ्या व ऐकणाऱ्या लोकांच्या शरीरांत, खऱ्या मनुष्यास पीडा देतांना व्हावी तशी खळबळ झाली. अशा २३ जणांपैकीं ६ जणांनीं शेवटच्या धक्क्यापूर्वींच हात आखडला. जे ११ जण तिच्याशीं केवळ लेखी मजकुरानें व्यवहार करीत होते, त्यांपैकीं एकहि थांबला नाहीं.

तेव्हां भावना खरी असते, हें कबूल करावें लागतें. १९७५ मध्यें कॉलिन रॅडफर्ड या तत्त्ववेत्त्यानें असा मुद्दा मांडिला कीं, ॲना कॅरेनिना ही स्त्री कधीं नव्हतीच, तर तिच्यासाठीं हळहळणें स्वाभाविक असलें तरी विसंगत होय. आम्हांस हें पटत नाहीं. आपल्याकडील अभिनवगुप्तानें हजार वर्षांपूर्वीं ह्याहून खोल पाहिलें: नाटकांतील शोक 'माझा' नसतो, 'त्याचा'हि नसतो, तो सर्वसाधारण होऊन प्रेक्षकाच्या हृदयास भिडतो. करुणेस समोरच्याचें नांवगांव विचारावें लागत नाहीं.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. संत ऑगस्तीन तरुणपणीं कार्थेज शहरीं नाटकें पाहून रडत असे. पुढें आपल्या 'कन्फेशन्स' ग्रंथांत त्यानें स्वतःसच विचारिलें कीं, जेथें प्रेक्षकास मदतीला बोलावीतच नाहींत, केवळ शोक करावयास बोलावितात, तेथें दया ती कोणती? नव्या यंत्रानें ही अडचण उलटी केली आहे. येथें मुलगा प्रेक्षक नाहीं. हात त्याचा, पळणारे पाय त्याचे. कोणास इजा झाली नाहीं, म्हणून अपराध घडला असें आम्ही म्हणणार नाहीं. खेळास पाप ठरविण्याची घाई वडीलधाऱ्यांनीं करूं नये. परंतु निवड त्याची होती. ॲरिस्टॉटल म्हणतो कीं धैर्याचीं कृत्यें करीत करीत मनुष्य धैर्यवान् होतो; मग शंभर वेळां साथीदार टाकून देण्याचा सराव अगदींच निष्फळ राहील काय? आम्हांस भय वाटतें तें त्या मुलाच्या दुःखाचें नव्हे. शंभराव्या वेळीं दुःख वाटेनासें होईल, त्याचें वाटतें.

दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायांतील गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. नाथान संदेष्ट्यानें गरीबाची एकुलती मेंढी हिरावणाऱ्या धनिकाची कथा सांगितली, तेव्हां दावीद राजा संतापला. धनिक कल्पित होता. संताप खरा होता. आणि उरीयाचा घात केलेल्या राजास त्याच संतापानें स्वतःसमोर उभें केलें. पण तेथें बोट दाखविणारा नाथान होता. चष्म्याच्या पेटींत नाथान नसतो. विल्यम जेम्स यांनीं १८९० मध्यें एका रशियन बाईचें उदाहरण दिलें आहे: ती नाट्यगृहांत पात्रांसाठीं अश्रू ढाळीत बसली असतां बाहेर तिचा गाडीवान थंडीनें गोठून मरत होता. जेम्स यांचा उपाय साधा आहे. भावना उचंबळली कीं ती कोणत्या तरी कृतींत उतरवावी. घरांतील आत्याबाईशीं दोन गोड शब्द बोललें तरी चालेल.

हें सर्व आम्हीं त्या गृहस्थांस सांगितलें, आणि चष्मा उतरविल्यावर मुलगा काय करीत होता असें विचारिलें. ते म्हणाले, "कांहीं नाहीं. बराच वेळ गप्प होता. मग एवढेंच विचारलें, बाबा, मी पळाल्यावर त्याचें काय झालें असेल?" खेळ पुन्हा सुरू केला कीं तो साथीदार धडधाकट उभा असतो, हें मुलास माहीत होतें.