वीज ठेकेदारी : काम कोणाचे, सही कोणाची?



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्तीतील कितीतरी मुले 'इलेक्ट्रिकच्या लाइनला' लागतात. कोणी आय.टी.आय. करून, तर कोणी ओळखीच्या मिस्त्रीच्या हाताखाली. काम मानाचे आहे, हाताला कधी खळ पडत नाही. परंतु या व्यवसायात कोणकोणती माणसे लागतात, कोणाची जबाबदारी कुठपर्यंत आणि कोणाजवळ कोणता कागद असावा लागतो, हे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेखक इलेक्ट्रिशियन नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाखेत कर्ज विभागात काही वर्षे काढली, तेव्हा लहान-मोठे वीज ठेकेदार रोज समोर येत. शिवाय माझा एक चुलत भाऊ या धंद्यात नऊ वर्षे हेल्पर होता. या दोन्ही बाजूंनी जे समजले ते येथे मांडत आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत पंचेचाळिसावा नियम होता. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली, तर वायरिंगचे नवे काम, वाढीव काम वा दुरुस्ती परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हावी, त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीची प्रत्यक्ष देखरेख असावी आणि काम करणाऱ्याजवळही परवाना असावा, असे त्याचे सार. पुढे २००३ चा वीज कायदा आला. केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०१० चे आणि त्यानंतर २०२३ चे सुरक्षा विनियम आले. परंतु हे तिहेरी सूत्र तसेच राहिले. महाराष्ट्रात ठेकेदाराची अनुज्ञप्ती, पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि वायरमनचा म्हणजे तारतंत्रीचा परवाना हे तिन्ही कागद शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते.

आम्हा बँकेतल्या माणसांना हे चटकन समजते. व्हाउचर लिपिक लिहितो, अधिकारी पास करतो. दोघांच्या आद्याक्षऱ्या कागदावर राहतात. उद्या शंभर रुपयांचा फरक निघाला तर कोणाला विचारायचे हे ठरलेले असते. वीजकामात शंभर रुपयांच्या जागी माणसाचा जीव असतो, एवढाच फरक.

आता माणसे पाहू. सर्वांत वर ठेकेदार, ज्याला साइटवर सगळे 'शेठ' म्हणतात. काम मिळवणे, भांडवल उभे करणे, माल वेळेवर आणणे आणि झालेल्या कामाला कायद्याने उत्तर देणे हे त्याचे काम. सरकारी निविदा भरायची तर बयाणा रक्कम, काम मिळाले की सुरक्षा ठेव. चालू बिल मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन मंजूर होईपर्यंत मजुरांचा पगार त्यालाच द्यावा लागतो. अनेक ठेकेदार कामात हुशार असूनही बुडाले ते या मधल्या महिन्यांत. मोठ्या फर्ममध्ये अंदाजपत्रक करणारा वेगळा असतो. नकाशावरून दिव्यांचे, पंख्यांचे, प्लगचे पॉइंट मोजून तो तार, पाइप, बोर्ड आणि मजुरीचा दर बसवतो. त्याने एका मजल्याचे पॉइंट कमी मोजले तर नफा तिथेच संपतो. स्टोअरकीपर आणि हिशेबनीस यांच्याविषयी वेगळे काय सांगावे! तांब्याची तार सोन्यासारखी मोजून द्यावी लागते, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

खरी जागा आहे पर्यवेक्षकाची. स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांमध्ये पाइप आणि पंख्याची पेटी नीट बसली की नाही, हे त्याने काँक्रीट पडण्याआधी पाहायचे असते. एकदा स्लॅब झाला की चूक छताच्या पोटात गेली. दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त भार नको, हा संकेत त्याने पाळून घ्यायचा. ३,००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपिअर ओढतो. घरमालक म्हणतो, "अहो, इथूनच जोडून टाका की!" तेव्हा दिव्याच्या बारीक तारेवर तो जोडायचा नाही, असे मालकाला तोंडावर सांगण्याची हिंमत पर्यवेक्षकातच हवी. हेल्परचे कोण ऐकणार?

काम पुरे झाले की मेगर लावून तारांचे इन्सुलेशन तपासतात. ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन किमान एक मेगओहम रोध यावा लागतो. अर्थिंग तपासतात. मग टेस्ट रिपोर्ट भरला जातो. त्यावर ठेकेदाराची आणि पर्यवेक्षकाची सही असते आणि त्या सहीच्या भरवशावर वीज कंपनी मीटर जोडते. घरात राहायला येणाऱ्या बाईने, तिच्या मुलांनी तो कागद कधी पाहिलेलाही नसतो. तरीही त्यांची सुरक्षा त्याच सहीवर असते. म्हणून मेगर न लावता आकडे भरणारा पर्यवेक्षक मला खोट्या व्हाउचरवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याहून वाईट वाटतो.

वायरमन म्हणजे साइटवरचा मिस्त्री. तारा ओढणे, बोर्ड भरणे, जोड देणे हे त्याचे काम. स्विच नेहमी फेजच्या तारेवर हवा. न्यूट्रलवर बसवला तरी दिवा चालू-बंद होतोच, गिऱ्हाइकाला काही कळत नाही, पण बंद दिव्याच्या होल्डरमध्ये वीज तशीच राहते. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला ते कळते. अशा गोष्टी मिस्त्रीच्या हाताच्या प्रामाणिकपणावर अवलंबून असतात. मेन बंद करून, फ्यूज काढून खिशात ठेवून मगच काम करणारा मिस्त्री भेटला तर त्याच्या हाताखाली दोन वर्षे जास्त राहावे, असे मी मुलांना सांगेन.

आणि शेवटी हेल्पर. भिंतीत खाचा पाडणे, पाइप वाहणे, अर्थिंगचा खड्डा खणून कोळसा-मीठ भरणे, शिडी धरणे. नियमाने त्याने परवानाधारकाच्या नजरेखालीच काम करायचे. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांत चांगला हेल्पर बोर्डही भरू लागतो, मिस्त्री दुसऱ्या साइटवर जातो आणि सगळे काम याच्यावर येते. पगार हेल्परचाच राहतो. अपघात झाला तर मात्र प्रश्न येतो, परवाना नसताना हात कसा लावलास?

माझ्या भावाचे असेच झाले. नऊ वर्षे त्याने एका ठेकेदाराकडे काढली. अख्ख्या इमारतींचे बोर्ड त्याच्या हातचे. मग त्याने वायरमनच्या परवान्यासाठी अर्ज करायचे ठरवले. अनुभवाचा दाखला मागायला गेला तेव्हा शेठने हजेरीचे पुस्तक पुढे केले. त्यात त्याचे नावच नव्हते. महिनोन् महिने 'हेल्पर ३' एवढेच लिहिलेले, पुढे दिवसांचा आकडा. म्हणजे तीन हेल्पर. त्यांतला एक हा. त्या संध्याकाळी तो घरी येऊन म्हणाला, "दादा, भिंतीत माझं काम आहे, पण पुस्तकात मी नाही." मी बँकेत बसून इतरांचे कागद तपासत होतो आणि घरच्या माणसाला नऊ वर्षांत एकदाही विचारले नव्हते की तुझी नोंद कुठे आहे. याची रुखरुख अजून आहे.

बँकेतही हेच पाहिले. २०१५ मध्ये मुद्रा योजना सुरू झाल्यावर हत्यारांसाठी, छोट्या दुकानासाठी कर्ज मागायला वायरिंगवाले येऊ लागले. हातात कसब, पण अनुभव विचारला की तोंडी उत्तर. आमच्या टेबलावर तोंडी उत्तराची किंमत किती, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिल्या महिन्यापासून हजेरीत पूर्ण नाव लिहून घ्या. पगार शक्यतो खात्यात घ्या. जमत असेल तर आय.टी.आय.चा वीजतंत्री किंवा तारतंत्री हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करा आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील अप्रेंटिसशिप सोडू नका. परवान्याच्या अटी आपल्या जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात स्वतः जाऊन विचारा. मिस्त्रीच्या सांगण्यावर राहू नका.

माझ्या भावाने ती जागा सोडली. दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला तेव्हा पगाराचे बोलणे होण्याआधी त्याने विचारले, "शेठ, हजेरीत माझं नाव आडनावासकट लिहिणार ना?" ते गृहस्थ हसले, पण त्यांनी लिहिले. तिथून पुढची वर्षे मोजली गेली. परवाना हातात पडला त्या दिवशी त्याने त्याची झेरॉक्स काढून एक प्रत माझ्याकडे ठेवायला दिली. ती माझ्या कपाटात आहे, माझ्या पदवीच्या प्रमाणपत्राच्या फाइलीत.