लेकरांची सेवा करावी, पण कोणत्या रीतीने?

आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुणांच्या मनात अशी इच्छा उत्पन्न होते की, एखाद्या दरिद्री डोंगरी मुलखात जावे आणि तेथील लहान लेकरांची काही काळ विनावेतन सेवा करावी. ही इच्छा उत्तम आहे. परंतु चांगल्या इच्छेपासून नेहमी चांगलेच फळ येते असे नाही. ज्याने बी पेरावयाचे त्याने आधी जमीन पाहिली पाहिजे. म्हणून आजच्या पाठात आपण नेपाळ देशातील एका खऱ्या प्रकरणाचा विचार करू. तो देश आपला शेजारी आहे, आणि तेथे जाण्यास हिंदी मनुष्याला परवान्याची अडचण नाही. यास्तव हा विषय आपणांपासून दूरचा नव्हे.

१. हुम्लाची लेकरे

नेपाळच्या वायव्य कोपऱ्यात, तिबेटच्या सीमेस लागून, हुम्ला नावाचा जिल्हा आहे. त्याचे मुख्य ठाणे सिमिकोट हे समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटर उंचीवर वसले आहे. लोक डोंगराच्या उतारावर पायऱ्या पाडून जव, राळा, वरी, नाचणी व बटाटे पिकवितात. परंतु पुष्कळ घरी हे धान्य वर्षभर पुरत नाही. हिवाळ्यात बर्फ पडते. फार वर्षे त्या जिल्ह्यात मोटाररस्ता पोहोचला नव्हता; लहान विमानाने जावे, नाहीतर कित्येक दिवस पायी चालावे.

इ. स. १९९६ पासून २००६ पर्यंत नेपाळात सरकार व माओवादी बंडखोर यांच्यामध्ये युद्ध चालले. आपले मूल बंडखोर ओढून नेतील, ही धास्ती आईबापांस रात्रंदिवस होती. अशा वेळी गावात दलाल येऊ लागले. ते म्हणत, “मुलास काठमांडूस पाठवा. तेथे शाळा आहे, कपडे आहेत, पोटभर अन्न आहे.” आईबापांनी कर्ज काढून, जमीन विकून त्या दलालांस पैसे दिले आणि लेकरे त्यांच्या हाती सोपविली. पुढे त्यांतील पुष्कळ मुलांच्या नावे असे खोटे कागद तयार झाले की, यांचे आईबाप मेले आहेत.

इ. स. २००४ मध्ये कॉनर ग्रेनन नावाचा एक अमेरिकन तरुण काठमांडूच्या दक्षिणेस गोदावरी गावातील एका बालगृहात काही महिन्यांकरिता सेवा करण्यास आला. ही मुले पोरकी आहेत असे त्यास सांगण्यात आले होते. पण एके दिवशी एक स्त्री दाराशी आली, आणि ती त्यांतील दोघा भावांची आई निघाली! तेव्हा त्याचे डोळे उघडले. इ. स. २००६ मध्ये त्याने नेक्स्ट जनरेशन नेपाळ ही संस्था स्थापिली, आणि मुलांची छायाचित्रे बरोबर घेऊन तो हुम्लाच्या डोंगरांत गावोगाव पायी हिंडून त्यांच्या आईबापांचा शोध करू लागला. जो मुलांना खेळविण्यास आला होता, तो त्यांना घरी पोहोचविण्याच्या कामास लागला.

२. दया आणि व्यापार

येथे कोणी विचारील, दलालांस यात लाभ काय? लाभ असा की, दूरदेशाहून येणारे दयाळू लोक अनाथ बालकास पाहून पैसे देतात. कित्येक तर सेवा करण्यासाठीही रक्कम भरतात. जेथे पाहुणे अधिक, तेथे अनाथगृहेही अधिक झाली. नेपाळातील बहुतेक अनाथगृहे काठमांडूचे खोरे, पोखरा व चितवन या प्रवासी लोकांच्या ठिकाणी आहेत. ज्या डोंगरी जिल्ह्यांतून मुले येतात तेथे नाहीत. आणि त्यांत राहणाऱ्या बहुतेक मुलांची आई किंवा बाप, निदान एक तरी, जिवंत आहे. सर्वच गृहे वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. कित्येकांत प्रामाणिक माणसे झटत आहेत. परंतु जेथे मूल रोडके दिसल्याने देणगी वाढते, तेथे त्याला धष्टपुष्ट करण्याची घाई कोणास असेल? शिवाय, जेथे कोणाही अनोळख्यास चौकशीवाचून आत घेतात, तेथे दुष्ट हेतूचा मनुष्यही शिरतो.

३. बालकाच्या मनाची जखम

समजा, एका गृहात दर महिन्यास नवी ताई येते. ती मुलास मांडीवर घेते, गाणी शिकविते, आणि महिना संपला की रडत रडत निरोप घेऊन जाते. तिला वाटते, मी एक महिना प्रेम दिले. पण त्या मुलाच्या बाजूने हिशेब करा. एका वर्षात त्याने बारा ताया गमावल्या! रोप दर महिन्यास उपटून नव्या वाफ्यात लावले तर ते मूळ धरील काय?

इ. स. १९५१ मध्ये इंग्लंडचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेकरिता लिहिलेल्या अहवालात दाखविले की, लहान मुलास अन्नाइतकीच एका कायमच्या, प्रेमळ सांभाळकर्त्याची गरज असते. रुमानिया देशात १९८९ साली जुलमी राजवट पडली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी गृहांत आढळली. पुढे बुखारेस्ट शहरात अशा १३६ बालकांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्मी बालके निवडून पालक-कुटुंबांत ठेविली. कुटुंबात गेलेल्या बालकांची बुद्धी व माया अधिक चांगली वाढली, आणि जी दोन वर्षांच्या आत गेली त्यांची विशेष.

अनाथगृहात शिरताच अनोळखी मूल धावत येऊन गळ्यास मिठी मारते, ते पाहून पाहुण्याचे हृदय भरून येते. पण आपल्या घरचे दोन वर्षांचे मूल परक्यास पाहून काय करते? आईच्या पदराआड लपते. जे कोणाच्याही गळ्यात पडते, त्याला लपावयास पदर उरलेला नाही, हे त्याचे लक्षण असू शकते.

४. राज्यांनी काय ठरविले

इ. स. २०१५ च्या एप्रिलात नेपाळात मोठा भूकंप झाला, व सुमारे ९,००० माणसे मेली. तेव्हा दलाल पुन्हा गावांत शिरतील या भयाने सरकारने परवानगीवाचून मुलांस जिल्ह्याबाहेर नेण्याची मनाई केली. २०१८ च्या बालकांविषयीच्या कायद्यात त्या देशाने आधी नातलग, मग दुसरे कुटुंब, आणि बालगृह अगदी शेवटी, असा क्रम मानला. २०१९ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही अनाथगृहांतील अशा स्वयंसेवेपासून होणाऱ्या हानीविषयी सावध केले.

५. मग सेवा करूच नये काय?

अवश्य करावी, पण आईची जागा घेऊन नव्हे, तर आईचे हात बळकट करून. मोशेची गोष्ट आठवा. राजकन्येला पाण्यात बालक सापडले; तिच्यापाशी धन होते, दाया होत्या. तरी ते बालक दूध पाजण्यासाठी त्याच्या स्वतःच्या आईकडेच गेले, आणि खर्च राजवाड्याने सोसला. आमच्या मते, मदतीची याहून उत्तम रीत नाही.

नेपाळच्या गावागावांत बालविकास केंद्रे आहेत. तेथे गावातील बाया लहान मुलांस शिकवितात, आणि मुले संध्याकाळी आपल्या घरी जातात. जाणाऱ्याने अशा ठिकाणी जावे, आणि हे नियम पाळावे: आधी भाषा शिकावी. थोडके दिवस असतील तर मुलांवर नव्हे, शिक्षिकेच्या साह्यावर खर्च करावे. खेळणी, चित्रे, बाके तयार करावी, छप्पर दुरुस्त करावे. आपण गेल्यावर जे काम बंद पडेल ते आरंभू नये. मुलांची छायाचित्रे देणग्यांसाठी दाखवू नयेत. पैसे द्यावयाचे तर आईबापांच्या उदरनिर्वाहास व गावातील शाळेस द्यावे.

आणि डोंगर चढण्याआधी आपल्या दाराबाहेरही पाहावे. रत्नागिरी व सिंधुदुर्गाच्या आमराईत राखणीस व तोडणीस नेपाळी माणसे येतात. कित्येक बायकामुलांसह झोपडीत राहतात. त्यांची मुले शाळेत जातात काय? त्यांस लस टोचली काय? कोकणातील जी मंडळी ही विचारपूस करील व त्या मुलांस हाती धरून गावच्या शाळेत पोहोचवील, तिने पारपत्रावाचून परदेशी सेवा केली असे होईल. आणि ती मुले संध्याकाळी आपल्या आईपाशीच परत जातील.

मनन व चर्चा यांसाठी प्रश्न

१. हुम्लाच्या आईबापांनी मुले दलालांच्या हाती का दिली? आपण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते?
२. “शहरात नेऊन शिकवितो” असे म्हणणारा अनोळखी मनुष्य आपल्या गावी आला, तर उपदेशकाने व पालकांनी त्यास कोणकोणते प्रश्न विचारावे?
३. आपल्या मंडळीने आजवर अनाथ मुलांसाठी दिलेल्या देणगीचा उपयोग कसा झाला, याची चौकशी आपण केली आहे काय?
४. आपल्या गावी परमुलखातून मजुरीस आलेली कोणती कुटुंबे आहेत? त्यांतील एका मुलाचे नाव आपण सांगू शकाल काय?