ताप आला तर सकाळची वाट पाहू नका

लहान मुलाला रक्ताचा कॅन्सर, त्यातला ‘एएलएल’ प्रकार निघाला की घरचे हातपाय गाळतात. पण हा बरा होणारा कॅन्सर आहे. श्रीमंत देशांत 10 पैकी जवळपास 9 मुले वाचतात.

पहिल्या महिन्याच्या केमोनंतर रक्त बहुधा स्वच्छ दिसते. मूल खेळू लागते, आणि इथेच घरचे फसतात. लपलेल्या पेशी उरतात, म्हणून औषध 2 ते 3 वर्षे चालते. मध्येच सोडले तर आजार उलटतो आणि मग आवरणे फार अवघड. मुलगी आहे म्हणून उपचार सोडणारी घरेही आहेत. हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

दुसरा धोका केमोचाच. पांढऱ्या पेशी घटतात, मग साधा जंतूही जीव घेतो. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर मध्यरात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. घरी पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका. पोटात जोराची कळ, रक्त वाहणे, झटका आला तरी तेच करा. केस गेले तर घाबरू नका, ते परत येतात.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवकाला दाखवा.