पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही

कॉर्डलेस ड्रिल घेताना आपण चार दुकानं फिरतो. टॉर्क किती, चक किती एमएमचा, मोटर ब्रशलेस आहे का, सर्व्हिस कुठं मिळणार, सगळं विचारतो. चार्जरबद्दल प्रश्न एकच: "बरोबर येतोय न्हवं?" येतोय म्हटलं की विषय संपला. कोल्हापुरात फर्निचर आणि फिटिंगची कामं घेताना मी बघत आलोय ते वेगळंच आहे. मशिन वर्षानुवर्षं चालतं. आधी जाते ती बॅटरी, आणि तिला घालवणारा पुष्कळदा चार्जर असतो.

उजळाईवाडीकडं एका फ्लॅटचं काम चालू होतं. दोन मिस्त्री, दोघांची आपापली ड्रिल. एक बारा व्होल्टचं, दुसरं एकवीसचं, दोन्ही बिननावाची. दोन्हींचे ॲडॉप्टर काळे आणि दोन्हींना तीच गोल पिन. संध्याकाळी हेल्परनं बॅटऱ्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावल्या आणि गडबडीत ॲडॉप्टरांची अदलाबदल झाली. बाराचा ॲडॉप्टर एकवीसच्या बॅटरीला गेला. तिथं काही झालं नाही, बॅटरी नुसती चार्ज झाली नाही. एकवीसचा बाराच्या बॅटरीला गेला, तिथं मात्र खेळ झाला. त्या रात्री किचनचं काम उरकायचं म्हणून आम्ही उशिरापर्यंत थांबलो होतो, म्हणून निभावलं. आधी गोडसर उग्र वास आला, मग धूर, आणि आम्ही पोचेपर्यंत बॅटरीचं प्लास्टिक वितळून खालच्या लॅमिनेटच्या शीटला चिकटलं होतं. कुणाला इजा झाली नाही. पोरगं घाबरून एवढंच म्हणालं, "मालक, पिन बसली की, म्हणून लावला."

त्याला दोष देता येत नाही. मोबाइलनं आपल्याला तीच सवय लावली आहे. कुणाचाही चार्जर कुणाच्याही फोनला चालतो, कारण यूएसबी चार्जर आधी पाचच व्होल्ट देतो आणि फोननं मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही. ड्रिलची गोल पिन असलं काही विचारत नाही. ॲडॉप्टरच्या पोटात जेवढे व्होल्ट असतील तेवढे ती सरळ पुढं ढकलते.

व्होल्टचं गणित

लिथियम-आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा धरतात आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर जातो. त्याच्या पुढं ढकललं की धोका सुरू. बॅटरीत असे सेल ओळीनं जोडलेले असतात. तीन सेल असतील तर चार्जर १२.६ व्होल्टचा हवा, चार असतील तर १६.८, पाच असतील तर २१ आणि सहा असतील तर २५.२. आमच्या साइटवर १२.६ मागणाऱ्या बॅटरीला २१ मिळाले, म्हणजे एकेका सेलवर सात व्होल्टपर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली. आत संरक्षक बोर्ड असता तर त्यानं वाट तोडली असती. त्या बॅटरीत तो नव्हता, किंवा होता तो नावापुरता.

हे गणित डोक्यात बसलं की दुकानातली फसगतही कळते. एका डब्यावर १८ व्होल्ट, दुसऱ्यावर '२० व्होल्ट मॅक्स', तिसऱ्यावर २१ लिहिलेलं असतं. तिन्हींत पाचच सेल. कुणी सरासरी आकडा छापतो, कुणी भरलेल्या बॅटरीचा. आणि जिथं '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असं ठळक छापलंय, तिथं ॲडॉप्टर उलटा करून त्यावरची आउटपुटची ओळ वाचा. बहुतेक वेळा तिथं मुकाट्यानं २१ व्होल्टच लिहिलेले सापडतात. खरं बोलतो तो चार्जरच.

चार्ज थांबवतो कोण?

दोन चार्जर शेजारी ठेवून तुलना करताना माझा पहिला प्रश्न आता हाच असतो. बाजारात ढोबळमानानं तीन जाती आहेत.

पहिली, गोल पिनेचा ॲडॉप्टर. त्याला बॅटरी गरम झाली का, एखादा सेल मागं पडला का, यातलं काहीही कळत नाही. सगळी भिस्त बॅटरीतल्या बोर्डावर. घरात महिन्यातून दोनदा पडद्याचा रॉड बसवायला चालेल, पण डोळ्यांसमोर.

दुसरी, कंपनीचा खाचेत बसणारा चार्जर. त्यात प्लस-मायनसशिवाय आणखी पट्ट्या असतात. त्यातून बॅटरीतला तापमान मोजणारा थर्मिस्टर चार्जरला खबर देतो, काही बनावटींत बॅटरीतली चिप स्वतःची माहितीही देते. बॅटरी तापलेली असेल तर हा चार्जर लगेच सुरू होत नाही, दिवा वेगळ्या तऱ्हेनं लुकलुकतो. आपली माणसं त्याला 'चार्जर बिघडला' म्हणतात. तो बिघडलेला नसतो, त्याचं काम चोख करत असतो.

तिसरी जात सगळ्यात फसवी: कंपनीच्या खाचेसारखी खाच असलेली कॉपी. रंग तोच, आकार तोच, स्टिकरही जवळपास तसंच. मूळ फास्ट चार्जरला पंखा असतो, कॉपीत जाळी असते पण आत पंखाच नसतो. हातात घेतली की वजनात फरक कळतो. काही कॉप्यांत तापमानाची पट्टी नुसती दिसायला असते, आत कशालाच जोडलेली नसते. निम्म्या किमतीत चार्जर मिळाला असं वाटतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट किमतीची बॅटरी टाकून द्यावी लागते.

कंपनीच्या मालातही डोळे उघडे ठेवा. बॉशची निळी बॅटरी आणि घरगुती वापराची हिरवी बॅटरी दोन्ही १८ व्होल्टच्या असल्या तरी एकीचा चार्जर दुसरीला चालत नाही. आणि जुन्या निकेल-कॅडमियम ड्रिलचा चार्जर अडगळीत पडला असेल, तर तो लिथियमच्या बॅटरीला कुठल्याही जुगाडानं जोडू नका. त्या दोन्हींची चार्ज थांबवण्याची रीतच वेगळी.

मिनिटांचा हिशेब

आता वेगाकडं येऊ. वेळ काढायची सोपी रीत: बॅटरीचे अँपिअर-तास भागिले चार्जरचे अँपिअर, वर थोडा जादा. हा जादा वेळ का? घागर नळाखाली धरली की आधी तोटी पूर्ण सोडतो आणि काठाशी आल्यावर बारीक करतो, तसं चार्जरही शेवटचा टप्पा हळूहळू भरतो.

मकिताचे आकडे बघा. डीसी१८आरसी हा नऊ अँपिअरपर्यंत जाणारा फास्ट चार्जर पाच अँपिअर-तासांची बॅटरी ४५ मिनिटांत भरतो. साधा डीसी१८एसडी तिलाच ११० मिनिटं घेतो. तीन अँपिअर-तासांच्या बॅटरीला हेच २२ आणि ६० मिनिटं. डिवॉल्टमध्ये सव्वा अँपिअरचा छोटा चार्जरही आहे आणि आठ अँपिअरचा डीसीबी११८ही. बॉशच्या नव्या चार्जरांत अँपिअर नावातच सापडतात: जीएएल १८व्ही-२० दोन अँपिअरचा, १८व्ही-४० चारचा, १८व्ही-१६० सी सोळाचा.

मग सगळ्यात वेगवान तो घ्यावा का? तुमची बॅटरी किती वेळात रिकामी होते, त्यावर ते अवलंबून आहे. बिजागऱ्या, चॅनेल, स्क्रूचं काम असेल तर पाच अँपिअर-तासांची बॅटरी आरामात दोन तासांच्या वर जाते. अशा वेळी दोन बॅटऱ्या आणि मधल्या वेगाचा चार्जर असला की काम थांबत नाही: एक मशिनवर, एक चार्जरवर. फास्ट चार्जरचे जादा पैसे दुसऱ्या बॅटरीत घातलेले बरे. हळू भरलेली बॅटरी कमी तापते आणि जास्त दिवस साथ देते.

ग्राइंडरचं गणित निराळं. १८ व्होल्ट गुणिले पाच म्हणजे ९० वॅट-तास. सतत ४५० वॅट ओढणारा ग्राइंडर ती १२ मिनिटांत संपवतो. इथं ४५ मिनिटांचा चार्जरही पुरा पडत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत फेटलिंगला हवेवरचे नाहीतर वायरचे ग्राइंडर दिसतात, ते उगाच नाही. दिवसभर घासायचं असेल तर चार्जरची तुलना सोडा आणि वायर ओढा. फास्ट चार्जर खरा शोभतो तो फिरत्या माणसाला, ज्याला एका ठिकाणी चहापुरतं थांबून पुढच्या गिऱ्हाइकाकडं जायचंय.

वीजबिलाची भीती बाळगू नका. तीच ९० वॅट-तासांची बॅटरी दहा वेळा भरली तरी एक युनिट किंवा किंचित जास्त जळतं, चार्जर वेगवान असो की धिमा.

साइटवरची पथ्यं

मकिता चार्जिंगला दहा ते चाळीस अंश तापमान सांगते, डिवॉल्टही चाळीसच्या आसपास लक्ष्मणरेषा आखते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दुपारी ही रेषा सहज ओलांडली जाते. चार्जर भिंतीकडेच्या सावलीत फरशीवर ठेवा. भुसा, लॅमिनेटचे तुकडे, थिनरचा डबा यांच्यापासून लांब. मशिनमधून काढलेली गरम बॅटरी आधी निवू द्या.

नव्या इमारतीवर लाइट नसते, मग कुणी जनरेटर काढतो. मकिताच्या पुस्तिकेत इंजिन जनरेटरवर चार्जर लावू नका असं स्पष्ट लिहिलंय. सकाळी घरून बॅटऱ्या भरून न्या, हे सगळ्यात स्वस्त.

आता घरोघरी पोरं अमेरिकेत आहेत आणि येताना वडिलांसाठी ड्रिलचा संच आणतात. तिथले बरेच चार्जर फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० च्या पॉइंटला लावले की एका आवाजात काम तमाम. आधी इनपुटची ओळ वाचा. तिथं १०० ते २४० लिहिलं असेल तरच लावा. नाहीतर चार्जर तेवढा इथला घ्या. मकिताची १८ व्होल्टची बॅटरी किंवा डिवॉल्टची '२० व्होल्ट मॅक्स' इथल्या त्याच घराण्याच्या चार्जरला चालते.

पुराचं मुद्दाम सांगतो. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा दुकानांतली, तळघरांतली हत्यारं भिजली. मशिन वाळवून, ग्रीस घालून परत चालतं, आपल्या उद्यमनगरात ती कला आहे. भिजलेली बॅटरी मात्र वरून सुकलेली दिसली तरी आत गंजत असते. ती चार्जरवर चढवायची नाही. तीच गोष्ट महिनोन् महिने पडून पूर्ण मेलेल्या बॅटरीची. दुसऱ्या बॅटरीची वायर लावून तिला 'किक' देणारे कारागीर भेटतात. जो सेल फार खाली उतरलाय त्याच्या आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याची शक्यता असते. तो चार्ज झाल्यासारखा दाखवतो आणि नंतर कधीतरी पेटतो.

दुकानात काय तपासाल?

मल्टिमीटर बरोबर न्या. पिनेच्या ॲडॉप्टरवर २१ लिहिलंय तर मोकळ्या पिनेवर २१ च्या अगदी आसपास दिसलं पाहिजे. २२ दाखवत असेल तर परत करा. बॅटरीवर मानक चिन्ह, आयएस १६०४६ आणि 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की कुणाच्या नावावर आहे ते समजतं.

घरी आल्यावर घड्याळ लावा. चार अँपिअर-तास लिहिलेली रिकामी बॅटरी दोन अँपिअरच्या चार्जरवर दोन तासांहून जास्त वेळ घेणारच. ती ४० मिनिटांत 'फुल्ल' दाखवत असेल तर चार्जर जलद नाही, बॅटरी खोटी आहे. आत दीड अँपिअर-तासही नाहीत. बिल जपून ठेवलं असेल तर ही तपासणी पहिल्याच दिवशी पैसे परत मिळवून देते.

फुगलेली, चुरलेली, चार्जरवर हात भाजेल इतकी तापणारी बॅटरी भंगारात देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. चार्जिंगला धूर दिसलाच तर आधी मेन बंद करा, खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा आणि लाइन तुटल्याची खात्री झाल्यावर लांबून भरपूर पाणी मारा.

आमच्या साइटवर आता प्रत्येक चार्जरला आणि त्याच्या बॅटरीला एकाच रंगाची चिकटपट्टी आहे. लालला लाल, निळ्याला निळी. गोल पिनेचे ॲडॉप्टर रात्रभर लावून जायला बंदी. खर्च एका चिकटपट्टीचा. तुमच्याकडं दोन वेगवेगळी ड्रिल आणि दोन सारखे ॲडॉप्टर असतील, तर हे आजच करा; आणि चार्जर विकत घ्यायचा असेल तर आधी व्होल्ट बघा, मग चार्ज कोण थांबवतो ते विचारा, मिनिटं सगळ्यात शेवटी.