नगर जिल्ह्यातून परदेशी आलेल्या नवागतांसाठी : ऑनलाइन परिचय-मेळाव्याचे स्वरूप कसे निवडावे

क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आणि चौदा तालुक्यांत विभागलेला आपला जिल्हा २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झाला असला, तरी परदेशात स्थायिक झालेली जुनी कुटुंबे बोलण्याच्या ओघात त्याला अद्याप नगरच म्हणतात. आणि लोणी, संगमनेर, कोपरगाव येथील महाविद्यालयांतून शिक्षण पुरे करून जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात दाखल होणारा नवा विद्यार्थी जेव्हा प्रथम कोणाशी ओळख करून घेऊ पाहतो, तेव्हा तो याच नावाने आपल्या माणसांचा शोध घेतो. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून मराठी माणसांना एकत्र आणण्याचे कार्य करीत आले आहे, आणि नवागताने आपल्या शहरातील मंडळाचे सभासदत्व अवश्य घ्यावे; परंतु ज्या गावी मंडळ नाही, किंवा आहे पण दोनशे मैलांवर आहे, तेथे पहिला परिचय बहुधा संगणकाच्या पडद्यावरच होतो. असे मेळावे भरविण्याचा आणि त्यांत बसण्याचा अनुभव असलेल्या कुटुंबांनी जे सांगितले, त्याचे हे संकलन आहे. ते नवागतांसाठी जितके आहे, तितकेच उद्या स्वतः मेळावा भरवू इच्छिणाऱ्यांसाठीही आहे.

सर्वांच्या सांगण्यात एक गोष्ट समान आढळली. मेळाव्यानंतर ‘माणसे पुष्कळ आली, पण ओळख कोणाशीच झाली नाही’ अशी जी खंत ऐकू येते, तिचे कारण माणसांच्या अनास्थेत नसून मेळाव्याच्या स्वरूपात असते. आपल्याकडे सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही : कीर्तनाला हजारो लोक बसतात, एक बोलतो आणि सारे ऐकतात, व ते तसेच असावे लागते, पण शेजारच्या गावचा माणूस कोण, त्याचे सोयरे कोठले, त्याची मुलगी काय शिकते, हे कळते ते पंगतीत, मांडीला मांडी लावून बसल्यावर. ऑनलाइन मेळाव्यात कीर्तनाची बैठक मांडून पंगतीच्या फळाची अपेक्षा करणे, हाच बहुतेक संयोजकांचा दोष होय.

वेबिनार हा प्रकार कीर्तनाच्या जातीचा आहे. त्यात वक्ता दिसतो, श्रोते एकमेकांना दिसत नाहीत आणि प्रश्न लिहून पाठवावे लागतात. ज्या विषयात एकच अचूक उत्तर सर्वांना एकाच वेळी मिळणे आवश्यक आहे, त्यासाठी हाच प्रकार योग्य. व्हिसाच्या अटी, विद्यार्थ्याला किती तास काम करण्याची मुभा आहे, करभरणा, आरोग्यविमा हे विषय जाणकार वकिलाकडून किंवा विद्यापीठाच्या अधिकाऱ्याकडूनच ऐकावेत; चार जणांच्या गप्पांत त्यांची उत्तरे मिळू लागली की ऐकीव माहितीला कायद्याचे रूप येते आणि त्याची किंमत नवागत मोजतो. उदाहरणार्थ, जर्मनीत घरी राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या मुदतीत नगरपालिकेच्या दप्तरी पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचा लेखी दाखला लागतो. ही माहिती व्याख्यानात एकदा स्पष्टपणे सांगितली की काम झाले. परंतु घरमालक तो दाखला देण्यास टाळाटाळ करीत असेल तर त्याच्याशी कसे बोलावे, हे व्याख्यात्याला विचारण्याचा धीर होत नाही. तो प्रश्न म्युनिकमध्ये पाच वर्षे राहिलेल्या एखाद्या राहुरीच्या किंवा नेवाशाच्या माणसालाच विचारला जातो, आणि तोही तिसरे कोणी ऐकत नसताना.

म्हणून परिचयासाठी लहान दालने हवीत, ज्यांना ब्रेकआउट रूम म्हणतात. साधा हिशेब करून पाहावा : तीस माणसे एक तास एकाच सभेत बसली, आणि मध्ये कोणी एक शब्दही वाया घालविला नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात, व प्रत्यक्षात ती मिळतात फक्त धीट माणसांना. हीच तीस माणसे पाच-पाचांच्या दालनांत पंधरा मिनिटे बसविली, तर एका फेरीतच प्रत्येकाला तीन मिनिटे मिळतात आणि तासात अशा तीन फेऱ्या सहज होतात. पहिली फेरी शहरावर बेतावी, म्हणजे बर्लिनचे बर्लिनकरांत आणि टोरोंटोचे टोरोंटोकरांत बसतील. दुसरी व्यवसायावर वा अभ्यासक्रमावर. तिसरी मात्र तालुक्यावर, कारण पाथर्डी आणि शेवगाव ही नावे ऐकताच जी जिव्हाळ्याची संभाषणे सुरू होतात ती कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेत लिहून आणता येत नाहीत. दोघा-दोघांची यदृच्छेने गाठ घालून देणारा, काही मिनिटांनी जोडी बदलणारा प्रकारही हल्ली प्रचलित आहे; नोकरीच्या शोधात असलेल्या आणि बोलण्यास सरावलेल्या माणसांना तो उपयुक्त वाटतो, पण घरापासून प्रथमच दूर आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींवर तो लादू नये, असे अनुभवी गृहिणींचे निक्षून सांगणे आहे, आणि आम्हांस ते पूर्णतः मान्य आहे.

प्रत्येक दालनात एक यजमान आधी नेमलेला असावा. त्याने स्वतः कमी बोलावे, जो गप्प बसला आहे त्याला नाव घेऊन विचारावे, आणि आपल्या यशाची कहाणी सांगण्याचा मोह आवरावा. सभेत प्रवेश करताना प्रत्येकाने पडद्यावरील आपल्या नावापुढे तालुका आणि सध्याचे शहर लिहावे, असा शिरस्ता एका मेळाव्यात घालून देण्यात आला. त्यापूर्वी आमच्या अकोले तालुक्याच्या मुलाला विदर्भातल्या अकोल्याचा समजून कोणी त्याच्याशी वऱ्हाडच्या उन्हाळ्याविषयी बोलत राहावे आणि त्याने संकोचाने मान डोलवावी, असे प्रकार घडत. ‘अकोले, सध्या लीड्स’ एवढा मजकूर दिसताच कळसूबाई, भंडारदरा आणि रतनवाडीचे काजवे यांवर बोलणे सुरू होते, आणि मग खोलीचे भाडे किती पडते हा खरा प्रश्न पाठोपाठ येतो.

मुद्रणाविषयी, म्हणजे रेकॉर्डिंगविषयी, एक खबरदारी. व्याख्यान अवश्य मुद्रित करून ठेवावे, कारण जो त्या दिवशी पाळीवर कामाला गेला होता त्याला ते नंतर ऐकता येते. दालनांचे मुद्रण मात्र करू नये आणि तसे आरंभीच जाहीर करावे. झूमवर क्लाउडमध्ये होणारे मुद्रण मुख्य सभेपुरतेच असते, परंतु समोरचा मनुष्य आपल्या भ्रमणध्वनीवर काय करील याचा भरवसा संयोजकाच्या शब्दानेच निर्माण होतो. नोकरी सुटली आहे, पैसे संपत आले आहेत, सोबतच्या भाडेकरूचा जाच होतो आहे, अशा गोष्टी माणूस मुद्रणासमोर बोलत नाही.

वेळेची निवड हीदेखील स्वरूपाचीच निवड आहे, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. शनिवारी भारतातील रात्री साडेआठ ही वेळ धरली, तर हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे दहा, लंडनला दुपारचे तीन आणि दुबईत सायंकाळचे सात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियात मात्र सकाळचे सात आणि सिडनीत मध्यरात्र उलटून गेलेली असते. म्हणजे एकाच मेळाव्यात साऱ्या पृथ्वीवरचे नगरकर बसविण्याचा हट्ट सोडावा आणि ऑस्ट्रेलिया, सिंगापूर व आखाताची बैठक रविवारी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेअकराला निराळी भरवावी, हेच श्रेयस्कर. शिवाय अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात आणि ब्रिटनमधील त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, आणि भारतातील सरकतच नाहीत; त्यामुळे मधल्या दोन-तीन आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडन यांतले नेहमीचे पाच तासांचे अंतर चार तासांचे होते. त्या काळात मेळावा ठेवल्यास निमंत्रणात प्रत्येक शहराची वेळ स्वतंत्रपणे लिहावी. झूमच्या विनामूल्य सभेला शंभर माणसांची आणि चाळीस मिनिटांची मर्यादा असते, हेही तीन फेऱ्या योजण्यापूर्वी ध्यानात घ्यावे. संयोजकांपैकी एकाने सशुल्क सभेची तजवीज केल्यास ऐन रंगात आलेले बोलणे तुटत नाही.

गावाकडील आईवडिलांनाही काही मेळाव्यांत बोलावले जाते. तसे करावयाचे असेल तर तो मेळावा निराळाच ठेवावा. पालक ऐकत असताना मुले आपल्या अडचणी सांगत नाहीत, आणि मुले सांगू लागली तर पालकांची रात्रीची झोप जाते. पालकांसाठी दालने नकोत, लिंक उघडून बसण्याचे त्रांगडेही नको. डोंगराकडच्या गावांत जेथे नेटवर्क क्षीण आहे, तेथे चित्राचा आग्रह सोडून नुसत्या आवाजावर भागवावे आणि दूरध्वनीवरून सभेत येण्याची सोय ठेवावी.

मेळाव्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपचा गट करण्याची घाई सर्वत्र दिसते. क्रमांकांची यादी संमतीवाचून कोणाच्याही हाती देऊ नये. घर पाहण्यापूर्वीच अनामत रक्कम मागणारे ठक अशाच गटांत शिरतात, आणि जिल्ह्याचे नाव घेतले की नवागत विश्वास टाकतो. त्याऐवजी दालनाच्या यजमानाने आपल्या चार-पाच जणांना आठवड्याभरात एकेकदा दूरध्वनी करावा. ज्याला घर मिळालेले नाही त्याची गाठ घर मिळालेल्याशी घालून द्यावी, आणि जो आज नवखा आहे त्याला सहा महिन्यांनी, पुढील तुकडी येईल तेव्हा, एका दालनाचे यजमानपद सोपवावे. गेल्या हिवाळ्यात आपण काय शोधत होतो हे त्याला तेव्हा चांगले आठवत असते, आणि वीस वर्षे स्थिरावलेल्या माणसापेक्षा त्याची माहिती ताजी असते.