उष्टावणानंतरचा आहार

प्रश्न : मुलीला सहा महिने पूर्ण होत आहेत. उष्टावणानंतर अंगावरचे दूध कमी करावे काय? सासूबाई भाताची पातळ पेज सुचवितात.

उत्तर : दूध मुळीच कमी करू नये. जन्मतः बालकाच्या शरीरात असलेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येतो आणि केवळ मातेच्या दुधाने ती उणीव भरून निघत नाही, म्हणून वरच्या अन्नाची तजवीज करावयाची असते. ते दुधाला पूरक होय, पर्याय नव्हे. सासूबाईंनी सुचविलेला तांदूळ योग्यच आहे. परंतु पातळ पेजेने पोट भरले तरी पुरेसे पोषण होत नाही, यास्तव मऊ भात व मुगाचे वरण एकत्र घोटून, वर थोडे तूप सोडून, चमचा तिरपा केला असता ओघळणार नाही इतके ते दाट ठेवावे. आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा पुरेत. मुलीने तोंड फिरविल्यास सक्ती करू नये. वर्षाच्या आत मीठ-साखर टाळावी आणि मध तर चाटवूही नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर विकार संभवतो. स्तनपान मात्र २ वर्षांपर्यंत, किंबहुना त्यापुढेही, चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ती आपण निःशंक मनाने पाळावी.